फटीतला हात

बुद्धभूषणला कुणी त्याच्या चित्रांबद्दल विचारलं की बोलू किती आणि नको किती असं त्याला होई. फळीवर चित्र कोरायचं, शाई फिरवायची, कागद दाबून छापा उचलायचा, या कामात त्याचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. चिकलठाण्याच्या कारखान्यांनी टाकून दिलेली खोकी फोडून तो फळ्या आणी. कोरताना तोंडातून अवाक्षर निघत नसे आणि प्रदर्शन लागलं की तेच तोंड आवरता आवरत नसे.

या खेपेला उस्मानपुऱ्यातल्या प्रदर्शनात मधल्या भिंतीवर सगळ्यात मोठा छापा होता. काळं दार, दाराला फट, फटीतून दिसणारा कुऱ्हाड धरलेला हात आणि मनगटात जाड कडं.

तो हात त्याच्या मायनं, भामाबाईनं पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी, गायरानात नांगर धरला म्हणून बुद्धभूषणच्या बापाला, रामकिसनला, घरापुढं तोडलं. ती दाराआड तान्ह्याचं तोंड दाबून उभी होती. पोलिसांना तिनं सांगितलं, मी नदीवर धुण्याला गेले होते. मारणाऱ्याचं नाव तिनं पोरालाही सांगितलं नाही. सांगितला तो फक्त हात, तोही शपथ घालून. "म्या बघितलं हे कुणाला कळलं, तर मला जिती ठिवायचे नायत," ती म्हणाली होती. आणि या शहाण्यानं तो हात भिंतीवर टांगला! चित्राला कुठं तोंड असतं, असं त्याचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पांढऱ्या कपड्यांतला, साठी उलटलेला एक माणूस आला. बाकीच्या चित्रांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या छाप्यापुढं मात्र तो बराच वेळ उभा राहिला.

"लई जिवंत काढलंय," तो म्हणाला. "असलं सुचतं कुठून हो तुम्हाला?"

झालं. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं.

"सुचलेलं नाही हे," बुद्धभूषण म्हणाला. "आमच्या मायनं डोळ्यांनी पाहिलंय. दाराच्या फटीतून."

"आस्सं. माय हायेत का अजून?"

"आहे ना. गावीच, गायरानातल्या घरात. एकटीच राहते. इकडं ये म्हटलं तर म्हणते, ही जागा सोडली तर तुझा बाप फुकट गेला."

माणसानं मान डोलावली. मोबाइलवर छाप्याचा फोटो काढून कुणाला तरी धाडला. मग बुद्धभूषणनं मागवलेला चहा पीत अर्धा तास निवांत ऐकत बसला. उठून अभिप्रायाच्या वहीत सही केली आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाला, "एक चुकलंय बगा. हात डावा काढलाय तुम्ही. उजवा व्हता."

बुद्धभूषणला हसू आलं. बोलणं खरं होतं. छापा उलटा उमटतो, म्हणून फळीवर उलटं कोरावं लागतं. मायचे शब्द कानात घेऊन एका बैठकीत कोरताना तो नेमकं तेच विसरला होता. फळीवरचा उजवा हात कागदावर डावा झाला होता.

माणूस पायऱ्या उतरून गेला आणि मग याचं हसू विरलं. तो हात उजवा होता हे बुद्धभूषणखेरीज दोनच माणसांना ठाऊक होतं. एक माय. दुसरा, ज्याचा तो हात होता तो.

त्यानं वही उघडली. काकासाहेब, आणि खाली गावाचं नाव. त्याच्याच गावाचं.

पहिल्यांदा फोन लागलाच नाही. दुसऱ्यांदा मायचा आवाज आला, चांगला खुशीतला.

"माय, आधी दार लाव! आतनं कडी घाल!"

"आरं, दोघं जण आलेत मोटरसायकलवर. तुझं चित्र हाय त्यांच्या मोबाइलमधी. मला दाखवाया आलेत."

"माय, ते बघू नको—"

"बघाया लागले की..." ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता. "भूषण, हे तू भिंतीवर लावलंस?"

तिच्या मागून एका गड्याचा आवाज आला, "दार लाव रं." आणि कडी वाजली.