जखमेबद्दल आभार

माझा धाकटा भाऊ काचेच्या दुकानात काचा कापतो. देवाचं नाव काढलं की हसतो. "ताई, तुझ्या देवाशी माझं भांडण नाही, ओळखच नाही," असं तोंडावर सांगतो. त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं प्रार्थनासभेत मीच सांगितलं होतं. बाकीच्या बायका मागायच्या, पण हेडबाई फर्मावायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून वर्गातच होता. "प्रभू, त्याला झुकव," त्या म्हणायच्या. मला ते खटकायचं. मी मनातल्या मनात माझं वेगळं मागायचे, की प्रभू, त्याला भेट. एवढंच.

गेल्या आठवड्यात दुकानात टेबलावरून काच सरकली. हा धरायला गेला आणि उजवा तळहात चिरला, आतल्या नसा तुटल्या. टाके पडले. बोटं पुन्हा वळतील की नाही, हे डॉक्टर नक्की सांगेनात. काच कापणाऱ्याचा उजवा हात गेला तर त्यानं करायचं काय?

काल दुपारी हेडबाई दोघीतिघींना घेऊन आल्या. मला बरं वाटलं, मी चहा टाकला. तेवढ्यात त्यांनी पलंगाभोवती खुर्च्या मांडून डोळेही मिटले. "प्रभू, या जखमेबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. तुझ्या लेकीची प्रार्थना तू ऐकलीस. याचा गर्व मोडलास." बाकीच्या म्हणाल्या, आमेन.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. भाऊ माझ्याकडे बघत होता आणि हसत नव्हता.

"ताई, हे तू मागितलंस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रे मी टेबलावर आपटलाच. "बाई, उठा."

"अगं, प्रार्थना चालू आहे."

"ही कसली प्रार्थना? तुमच्या नातवाचा पाय मोडला, तेव्हा चर्चच्या अख्ख्या मंडळीला उपास धरायला लावलात. तेव्हा नाही कुणी म्हणालं पोराचा गर्व मोडला म्हणून. माझ्या भावाचा हात काय रस्त्यावर पडलाय?"

"देवाच्या शिस्तीला नावं ठेवतेस? प्रभूला न मानणाऱ्या पौलाचेही डोळे गेले होते, बायबलातलं विसरलीस?"

"ते परतही आले. आणि प्रभूनं ज्याला पौलाकडे पाठवलं होतं तो त्याला भाऊ म्हणाला, बरं करायला त्याच्यावर हात ठेवले. तुम्ही याला साधं कसा आहेस विचारलंत?"

त्या उठल्या. आता हिच्यासाठीही प्रार्थना करावी लागणार, असं जाताना एकजण कुजबुजली. करा म्हणावं, खुशाल करा.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. भावानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी शपथ घेऊन सांगितलं असतं, पण माझ्या शपथेला त्याच्या लेखी काय किंमत?

"काय मागत होतीस ते मोठ्यानं म्हण," तो भिंतीलाच म्हणाला. "मला ऐकू दे."

त्याच्यासमोर मी कधीच प्रार्थना केली नव्हती. तो हसेल म्हणून घाबरायचे. मी खुर्ची ओढून बसले. रागानं डोळेही मिटेनात.

"प्रभू, हा तुला मानत नाही, ते तुला ठाऊक आहे. यानं तुला मानावं असं मला वाटतं, तेही मी लपवत नाही. पण याचा हात मोडून याला तुझ्याकडे आणणार असशील, तर मला तसा नको. हात बरा कर. उद्या त्याच हातानं यानं तुला दार दाखवलं, तरी बरा कर. आणि हे तू केलेलं नाहीस, असं त्या बायकांना तूच सांग. माझं त्या ऐकत नाहीत. येशूच्या नावानं मागते, आमेन."

बँडेजचा हात सांभाळत तो माझ्याकडे वळला.

"आमेन मी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

"पण असंच मागत असशील, तर बंद करू नकोस."