चंद्री हलत नाही

बंटी घोडी ठरवायला आला तेव्हा त्यानं बंडूला ओळखलं नाही. प्रमोदिनीचं मन तिथंच पक्कं झालं.

महाराजपुरात या बहीणभावाच्या घरामागं पत्र्याचा तबेला होता. बंडू बाजेवर बसून खोगिराचा पट्टा शिवत होता, काठी भिंतीला टेकवलेली. बंटीनं मोटरसायकल अंगणात आणली, बंद केली नाही, आणि चंद्रीकडे पाहून म्हणाला, “दीदी, सुना है आपकी घोडी पटाखों से नहीं डरती. बाकी घोडीवाले तो शर्त रख रहे हैं. मेरी शादी में पटाखे तो चलेंगे, अपनी ही दुकान है.”

मग त्याचं लक्ष काठीकडे गेलं. “अरे चाचा, पैर में क्या हो गया?”

“गिर गया था,” बंडू म्हणाला आणि त्यानं सुई पुन्हा चामड्यात खुपसली.

तीन वर्षांपूर्वी ओमतीच्या नाल्याजवळ, कुणा मित्राच्या वरातीत, याच बंटीनं पेटलेली फटाक्यांची लडी बंडूच्या रेवा घोडीच्या पायांत फेकली होती. गंमत म्हणून. मग फोन काढून तो स्वतःच व्हिडिओ घेऊ लागला. रेवा उधळली. बंडूनं लगाम सोडला नाही. नवरदेव नशिबानं आधीच खाली पडला होता. घोडी आणि बंडू दोघं नाल्यात गेले. बंडूचा खुबा मोडला. रेवाचा पुढचा पाय असा मोडला की डॉक्टरांनी तिला तिथंच शेवटचं इंजेक्शन दिलं. तिचं डोकं तेव्हा प्रमोदिनीच्या मांडीवर होतं. वरातीतला एकही माणूस साक्ष द्यायला तयार झाला नाही. उधळत्या घोडीचा व्हिडिओ मात्र विनोदी गाणं लावून शहरभर फिरला. तो बंटीनंच टाकला होता.

“ठीक है भैया,” प्रमोदिनी म्हणाली. “घोडी आ जाएगी. मैं खुद लेके आऊंगी.”

मोटरसायकल गेली. बंडूनं पट्टा बाजूला ठेवला.

“ताई, तू हो काहून म्हटलं?”

“चंद्री जाईल.”

“मग मी सांगतो तसं कर. तिच्या कानात कापूस घालू नको. झापडं बांधू नको. पडू दे त्याला त्याच नाल्यात.”

“आणि चंद्री कुठं पडेल?”

बंडूनं चंद्रीकडे पाहिलं. चंद्री रेवाची लेक होती. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती.

“मी विचार करून राहिली आहे,” प्रमोदिनी म्हणाली. “तू फक्त पाहायला ये.”

त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर या बाजूला आले ते घोड्यांमागून. पुढं घराण्यातले सगळे कारखान्यात आणि रेल्वेत चिकटले. घोडी ठेवायचा नाद एकट्या बंडूला उरला. प्रमोदिनी भौतिकशास्त्र शिकली आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणी विभागात लागली. स्फोटाचा आवाज किती लांबवर किती पोचतो, हे मोजण्यात तिची सारी नोकरी सरली. घोड्यांशी तिचा फारसा संबंध नव्हता. रेवा गेल्यावर तो आला.

आवाजानं घोडा मरत नाही, आवाजाला भिऊन पळाला की मरतो. तिनं तेवढं एकच धरलं. दिवाळीत चंद्रीला उजेड असतानाच आत घ्यायचं, खिडक्यांना गोणपाट लावायचं, दिवा चालू ठेवायचा म्हणजे बाहेरच्या चमका दिसत नाहीत, रेडिओ लावायचा, गवत भरपूर टाकायचं आणि शेजारी म्हातारी शेळी बांधायची. शेळी कशालाच भीत नसे. हे झालं सणाचं. वरातीसाठी तिनं फटाक्यांचे आवाज फोनवर घेऊन ठेवले. चंद्री भिजवलेले हरभरे खात असताना ती ते अंगणाच्या पलीकडून, ऐकू येतील न येतील इतके हळू लावायची. हळूहळू जवळ आणायची. चंद्रीचा कान मागे गेला की प्रमोदिनी फोन घेऊन लगेच दूर जायची. कान हे तिचं मोजमाप होतं. कान मागे म्हणजे हद्द झाली, त्यापुढं जायचं नाही.

आणि एक रीत तिनं घोडीच्या अंगी पक्की मुरवली. धडाका झाला की जागेवर उभं राहायचं, मान खाली घालायची. मग तळहातावर गुळाचा खडा मिळणार. मग जीभ टाळूला लावून ‘टॉक’ असा आवाज होणार, आणि तो झाला की चालायचं. टॉक होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. वरातीत ती गूळ आणि टॉक इतक्या झटक्यात देई की घोडी थांबली होती हे कुणाला कळतही नसे.

बंडू म्हणायचा, “ताई, तू हिला सरकारी नोकर करून ठेवलं. ऑर्डर आल्याशिवाय हलत नाही.”

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी वरात बंटीच्या घरून निघाली. कमानिया गेटपलीकडच्या लग्नघराकडे जायचं होतं, म्हणजे वाटेत ओमतीचा नाला. चंद्रीला जरीची झूल, डोळ्यांना झापडं, कानांवर प्रमोदिनीनं विणलेली लाल टोपी आणि टोपीत घट्ट कापूस. नाल्यापर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. फटाका, गूळ, टॉक. बंटी वर बसून मित्रांकडे पाहून हात हलवत होता.

नाल्याच्या कठड्याशी एक लडी लागली. चंद्री थांबली, तिनं मान खाली घातली. प्रमोदिनीनं गूळ दिला आणि तोंड मिटून घेतलं.

बँड पुढं गेला, मग मागं वळला. नाचणारे घोडीला वळसा घालून पुन्हा मागं आले. “घोडी अड गई, घोडी अड गई,” असा हशा झाला. कुणी म्हणालं, दोन लड्या लावा, चालेल आपोआप. दोन लड्या लागल्या. चंद्री आणखीच घट्ट उभी राहिली. तिला जे शिकवलं होतं ते ती मन लावून करत होती.

समोरच्या चहाच्या टपरीवर बंडू काठी गुडघ्यांत धरून बसला होता. हातातला चहा त्यानं अजून प्यायला नव्हता.

“दीदी, चलाओ न इसको,” बंटी खाली वाकून म्हणाला. “उधर द्वार पे सब खडे हैं.”

“चलेगी. ये जगह याद है आपको?”

“कौन सी जगह?”

“यहां एक सफेद घोडी नाले में गिरी थी. आपने वीडियो बनाया था.”

बंटीनं जरा आठवलं. मग त्याला हसू आलं. “अच्छा, वो. अरे वो तो मजाक था, दीदी.”

“ये उसकी बेटी है.”

हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. प्रमोदिनीनं बोट लाल टोपीच्या कडेखाली सरकवलं आणि कापसाचा पांढरा कोपरा त्याला दिसेल इतका बाहेर ओढला.

“कान में रुई है,” ती म्हणाली. तिचा आवाज बँक उघडायची वेळ विचारावी इतका साधा होता. “बस, रुई ही है.”

कापूस काढला असता तरी चंद्री हलली नसती. हे प्रमोदिनीला ठाऊक होतं. बंटीला ठाऊक नव्हतं, आणि ती त्याला सांगणार नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी आयाळ धरली. ती ते थंडपणे पाहत राहिली. तिला हेच पाहायचं होतं.

“दीदी, मत निकालो.” मग तो मित्रांकडे पाहून ओरडला, “बंद करो रे, पटाखे बंद करो.” बँड त्याच्या कानाशीच वाजत होता. मित्रांना वाटलं नवरदेव रंगात आला. त्यांनी फोन उंच धरले, शिट्ट्या मारल्या आणि पेटी उघडून सुतळी बॉम्ब काढले. तो हात जोडू लागला तर त्यांनीही हसत हसत हात जोडले.

आता टॉक करावं, असं प्रमोदिनीच्या मनात आलं. पण बंटीच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि रेवा नाल्यात पडली होती तेव्हा हा कठड्यावर वाकून व्हिडिओ घेत होता. आणखी एक, ती मनाशी म्हणाली.

तो एक बॉम्ब चंद्रीच्या पोटाखाली फुटला. तिच्या अंगावरची कातडी लाटेसारखी थरारली, मागचा पाय उचलला गेला, डोळ्याचा पांढरा भाग दिसला. कान मागे गेला. प्रमोदिनीचा हात तिच्या मानेवर होता. त्याखाली शीर धाडधाड उडत होती. कठडा दोन हातांवर होता. क्षणभर प्रमोदिनीला फक्त नाला दिसला. पाय मात्र पुन्हा जागेवर टेकला. मान खाली गेली, ओठ तिचा तळहात शोधू लागले.

प्रमोदिनीनं गूळ दिला.

“उतरो,” ती बंटीला म्हणाली.

“बीच में कैसे उतरूं? सब देख रहे हैं.”

नवरदेवानं मुलीच्या दारापर्यंत घोडीवरून उतरायचं नसतं. लग्नात नाचलेल्या सगळ्यांना हे माहीत होतं.

“हां,” ती म्हणाली. “सब देख रहे हैं.”

तो उतरला. म्हणजे रिकिबीत बूट अडकून फटाक्यांच्या लाल कागदांत बसला. साफा घरंगळत बँडवाल्याच्या पायाशी गेला. बँड थांबला आणि तेवढ्या शांततेत त्याचं हुंदका देणं सगळ्यांना ऐकू आलं. फोन सगळे वरच होते.

प्रमोदिनीनं टॉक केलं. चंद्री शांतपणे वळली आणि बाजूच्या गल्लीत चालू लागली. मागून कुणीतरी ओरडत होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

बंडू काठी टेकत टेकत गल्लीच्या तोंडाशी आला.

“ताई, आधीच टॉक करायला पाहिजे होतं. तिचा कान मागे गेला होता.”

“पाहिलं मी.”

“मग?”

“चंद्रीची माफी मागीन. त्याची नाही.”

तबेल्यात तिनं झूल काढली, टोपी काढली, कानांतला कापूस अलगद ओढला. चंद्रीनं डोकं झटकलं. प्रमोदिनीनं तिचं पोट आणि चारही पाय हातानं चाचपून पाहिले. कुठं भाजलं नव्हतं, खरचटलं नव्हतं. मग ती बराच वेळ घोडीच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली.

बाजेवर बंडूचा फोन वाजला. त्यानं पाहिलं आणि तिच्यापुढं धरला. व्हिडिओ बंटीच्याच मित्रानं टाकला होता. धुराच्या लोटात दगडासारखी उभी घोडी, तिच्यावर आयाळ धरून रडणारा नवरदेव, आणि वर एक विनोदी गाणं. गाण्यामागं फटाके ऐकू येत होते.

तेवढ्या आवाजावर चंद्रीनं मान खाली घातली आणि प्रमोदिनीच्या हाताला ओठ लावले.

“झालं समाधान?” बंडूनं विचारलं.

प्रमोदिनीनं डब्यातून गुळाचा खडा काढून घोडीला दिला, बोटं पदराला पुसली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली.

त्या रात्री चंद्रीला पुष्कळ गूळ मिळाला.