खाटकाने मटण सोडलं

"बाबा, एकच तुकडा. सगळ्यांच्या देखत खा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील," असं म्हणत थोरल्याने शिजवलेल्या मटणाची वाटी दुकानाच्या फळीवर आदळली. समोर पाच-सहा माणसं उभी होती. घ्यायला कोणीच आलं नव्हतं; सगळे बघायला आले होते.

खाटकाने मटण सोडलं म्हटल्यावर गल्लीला आधी गंमत वाटली. म्हातारपणी उपरती झाली, म्हणून लोक हसले. मग शेजारचा शिंपी म्हणाला, "जो विकतो तोच खात नाही, म्हणजे मालातच काहीतरी काळंबेरं असणार." त्यातच कोणाच्या तरी पोराला उलट्या झाल्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! दुकान ओस पडलं.

"जन्मभर कापलं, आता नको वाटतं," असं खाटीक सांगायचा. मागच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनेही ते आधी खरं मानलं होतं. पण मग तो भातसुद्धा दूध घालून पातळ करायला लागला. घासागणिक पाणी प्यायचा आणि मान वाकडी करून गिळायचा. त्याच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी पाणीही उतरेना. तिने एकदा विचारलं तर तो अंगावरच आला. "अभद्र बोलू नकोस. गल्लीला कळलं तर म्हणतील, हेच मटण खाऊन झालं. पोराचं दुकान बुडेल."

त्याने तुकडा तोंडात टाकला.

चावत राहिला. माणसं बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गळा काही हलेना.

"गिळा ना, बाबा!" पोरगा रडकुंडीला आला होता.

आता ठसका लागणार आणि सगळं उघडं पडणार, हे बायकोला दिसलं. ती पुढे धावली. "थांबा! मी शपथ घातलीय त्यांना. टाका आधी ते तोंडातलं!"

खाटकाने पंचा तोंडाला लावला.

"वा, वहिनी!" शिंपी म्हणाला. "तुम्ही तर आधीपासूनच खात नाही. घरची दोघंही खात नाहीत, मग आम्हीच का खायचं?"

लोक हसले. ती का खात नाही, हे मात्र त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांची लेक गेली त्या दुपारी चुलीवर मटण रटरटत होतं. तेव्हापासून तो वास आला की तिला लेकीचं तापलेलं कपाळ हाताला लागायचं.

तिने वाटी ओढली आणि एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. नीट चावून गिळला आणि तोंड उघडून दाखवलं.

"बघितलंत, भावोजी? आता सांगा, काय काळंबेरं आहे?"

शिंप्याची मान खाली गेली. "अर्धा किलो द्या," तो पुटपुटला. थोरल्याने सुरा उचलला.

ती परसात नळाशी जाऊन बसली. उलटी होईल असं वाटलं होतं, झाली नाही. झाली नाही म्हणूनच तिला रडू फुटलं. खाटीक पाण्याचा तांब्या घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"तुला गिळता आलं," तो हळूच म्हणाला.

आपल्याला गिळता येत नाही, हे एवढे दिवस त्याने कबूल केलं नव्हतं. तिने त्याच्या हनुवटीला लागलेला रस्सा पदराने पुसला.

"उद्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

त्याने मान हलवली आणि तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसला.