चौदा जोडांची तार

उकंडराव लाइनमन म्हणून निवृत्त झाला होता. शेलूबाजारच्या टेलिफोन केंद्रापासून लेकीच्या दुकानापर्यंतची तार त्यानंच ओढलेली. ती तुटली की तो जोड मारायचा आणि वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळायचा. फोन खरखरायचा, पण बोलणं ऐकू यायचं.

आता त्याच तारेवरून ब्रॉडबँड आलं होतं. लेकीनं, पौर्णिमानं, शिलाई मशीन विकून कॉम्प्युटर घेतला होता. गावातल्या पोरापोरींचे नोकरीचे अर्ज ती भरून देणार होती. पण मोडेमचा हिरवा दिवा दोन मिनिटंही टिकेना.

कनेक्शनच्या उद्घाटनाला आलेले टेलिफोन खात्याचे साहेब मात्र रंगात आले होते. "दोन वर्षांत खेडं न् खेडं जोडतो बघा. या धंद्याला मरण नाही!"

"साहेब, या तारेत माह्याच हातचे चौदा जोड हायेत," उकंडराव म्हणाला. "आवाज जाते तिच्यातून, हे इंटरनेट नाई जात. नवी केबल टाका."

"तुमचा जमाना गेला, काका. फोटोपुरता दिवा लागला, बस झालं." साहेबांनी पौर्णिमापुढे कागद सरकवला. "कनेक्शन सुरळीत आहे, म्हणून सही कर. नाहीतर मोडेम परत न्यावा लागेल."

पौर्णिमानं बापाकडे पाहिलं. उकंडरावाला साहेबाची किळस आलीच, पण वर्षानुवर्षं पिशव्या गुंडाळून 'लाइन ठीक' असं लिहून देणाऱ्या स्वतःच्या हाताची जास्त आली.

"सही नोको करू, बाई," तो म्हणाला. "सही झाली का मंग नवी तार कोणी टाकत नाई."

पौर्णिमानं मोडेम काढला, खोक्यात भरला आणि खोकं साहेबांच्या हातात दिलं.