उगवतीकडं तोंड

आमचे मालक ज्ञानदेव चौऱ्याण्णव सालच्या मार्चात गेले. शेतात ज्वारीची काढणी चालली होती. आजार छातीचा होता. बारामतीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून त्यांचं अंथरूण ओसरीवरच असायचं. त्या अंथरुणावरून त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली.

"तानू, माझं डोकं मावळतीला ठेव आन् पाय उगवतीला. धनी येईल त्या दिवशी उठून बसलो की तोंड त्याच्याकडं पाहिजे. पाठमोरा उठायचा न्हाय मला."

"ठेवीन," मी म्हटलं.

आम्ही ख्रिस्ती माणसं माती देतो ती अशीच. आमचा धनी प्रभू येशू पुन्हा येईल तो उगवतीकडून, आणि मेलेले उठतील, असा आमचा विश्वास आहे. पण निरवांगीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. भावकी सगळी जुन्या देवांना धरून. तरी तुटातूट कधी झाली नाही. माझे धाकटे दीर कुंडलिक हलगी वाजवायचे. वरात असो, जत्रा असो, नाहीतर मयत, पंचक्रोशीतून त्यांना बोलावणं यायचं. मालकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "ज्ञाना, देव बदल, बायकोबी बदल म्हणलास तर बघू. पण हलगी सोडू नको." मालकांनी हलगी सोडली नाही. नाताळाला दोघं भाऊ आमच्या अंगणात वाजवायचे.

मालकांनी सकाळी प्राण सोडला. कुंडलिक भावजी त्यांच्या पायाशी बसून पोटभर रडले, मग डोळे पुसून उठले. "ज्ञानाचा खड्डा मीच खणणार. दुसऱ्याचा हात लागू द्यायचा न्हाय," असं म्हणाले आणि टिकाव घेऊन आमच्या माळाच्या तुकड्याकडे निघाले. संगती म्हणून शेजारचा संभाजी गेला. मी मालकांना आंघोळ घालण्यात, धुवट कपडे चढवण्यात गुंतले होते. चर्चचे पाळकसाहेब बारामतीहून यायचे होते. खड्डा कसा खणायचा हे भावजींना सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही, आणि त्यांनी विचारायचं कारणच नव्हतं. त्यांच्या बापाला माती दिली होती तसाच त्यांनी खणला.

दुपार कलल्यावर आम्ही निघालो. गावातल्या बायका मयताबरोबर जात नाहीत, पण मी मालकांच्या शवपेटीच्या मागेच चालले. पाळकसाहेब गात होते, मीही गात होते. रस्त्यावरची माणसं बघत राहिली.

माळावर पोचलो. खड्डा फार देखणा खणला होता. कडा सरळ, तळ सपाट. भावजी घामानं निथळत उभे होते आणि मी काही बोलेन म्हणून माझ्याकडे बघत होते. मावळतीकडचं ऊन खड्ड्याच्या लांब भिंतीवर पडलेलं मला दिसलं. खड्डा दक्षिणोत्तर होता.

"भावजी, ह्यात मालकांना ठेवता येत न्हाय," मी म्हटलं.

 मी कारण सांगितलं. भावजींचा चेहरा उतरला.

"वैनी, हाताला फोड आलेत माझ्या. माती ती माती. तिला काय उत्तर आन् काय पूर्व?"

पाळकसाहेब जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "तानूबाई, कसंही ठेवलं तरी देव त्यांना उठवील. त्याला दिशेची अडचण नाही."

"ते मला ठाऊक हाय, पाळकसाहेब. देवाचं काय अडणार न्हाय. पण मी मालकांना शब्द दिलाय. जित्या माणसाला दिलेला शब्द ते गेले म्हणून मोडायचा, म्हंजे ते संपले असं मीच कबूल केल्यासारखं व्हईल. आन् ते संपल्यात असं मी मानत न्हाय."

 पाळकसाहेबांनी बाह्या मागे सारल्या आणि विचारलं, "फावडं कुठं आहे?"

त्याच खड्ड्याला आडवं खणावं, तर एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला बाभळीची मुळं. नवाच खणायला हवा होता. पण एकही टिकाव उचलला गेला नाही. मला वाटलं दमलेत. मग संभाजीनं खरं ते सांगितलं.

"काकू, येक खड्डा उघडलाय. त्यो रिकामा ठिवून दुसरा खणायचा न्हाय. रिकामा खड्डा माणूस मागतो. महिन्याच्या आत घरातलं दुसरं कोणतरी जातं."

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. भावजी बाभळीखाली जाऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, "आता कुणाला मागंल, सांग वैनी. मला का तुला?"

ऊन उतरत चाललं होतं. पेटी माळावर तशीच ठेवलेली. भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून हेच ऐकलं होतं. पण मालकांच्या पेटीकडे बघितलं आणि मनात आलं की आपण इतकी वर्षं मरण हरलं म्हणून गात आलो ते काय उगीच.

मी पदर खोचला, खड्ड्याच्या कडेला बसले आणि आत उतरले. माती पायाला गार लागली. वरून भावजी ओरडले, "वैनी, खुळी झालीस का?" मी तळात उभी राहिले. माझं डोकं कसंबसं वर दिसत असेल.

"ऐका," मी म्हटलं. "तुमी रिकाम्या खड्ड्याला भिताय. आमचा सगळा विश्वासच येका रिकाम्या खड्ड्यावर उभा हाय. आमच्या धन्याला पुरला, वर धोंडा लोटला, पहारा बसवला. तिसऱ्या दिवशी बाया गेल्या तर आत कोण न्हाय. तवापासून खड्ड्यानं मागायचं आन् आमी द्यायचं हे संपलं. आता त्यालाच परत द्यावं लागंल. ह्या खड्ड्याला माणूस पाहिजे असंल तर मी हितं उभी हाय. घिऊ दे."

बाभळीत वारा वाजत होता, तेवढाच आवाज. खड्ड्यानं काही घेतलं नाही.

"झालं का?" भावजी म्हणाले. ते कधी कडेला आले मला कळलं नाही. "आता वर कशी येणार? उतरताना इचार केला न्हाईस."

"तुमी हायत की."

त्यांनी गुडघे टेकले आणि दोन्ही हात खाली केले. फोड आलेले हात. मी ते धरले आणि त्यांनी मला एका हिसक्यात वर ओढलं. साडीला माती लागली होती ती झटकायला लागले तर म्हणाले, "राहू दे. लई दिसांनी ज्ञानासारखं कोणतरी बोललं."

मग ते पेटीपाशी गेले. पेटीशेजारी त्यांनी आपली हलगी ठेवली होती, भावाला शेवटची वाजवायची म्हणून. ती काखेत घेतली, काटक्या पेटवून कातडं ताठ व्हायला शेकलं आणि ताल धरला. मला वाटलं मयताचा वाजवतील. त्यांनी इर्जिकीचा वाजवला. पूर्वी अख्खं गाव मिळून एकाच्या शेतात राबायचं तेव्हा माणसं दमू नयेत म्हणून जो वाजायचा, तो.

संभाजीनं टिकाव उचलला. मग दुसऱ्यानं. पाळकसाहेब फावड्यानं मुरूम ओढत होते आणि त्यांचा ताल चुकत होता, तर भावजी वाजवता वाजवता म्हणाले, "पाळक, हात ढोलकीचा दिसतोय तुमचा." माणसं हसली. मयतात हसली. मुरूम ठिसूळ लागला की तालच तसा होता, कोण जाणे, सूर्य टेकायच्या आत दुसरा खड्डा तयार झाला. पूर्व-पश्चिम.

मालकांना उतरवलं. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी मूठभर माती टाकली आणि म्हटलं, "ठेवलं बघा." रडू आलं, पण ते वेगळं होतं. मुलाला शाळेत सोडून माघारी येताना येतं तसं.

परतताना भावजींनी विचारलं, "आता त्यो कुठं हाय मग?"

"जीव धन्यापाशी गेला. देह हितं निजलाय. धनी येईल तवा दोन्ही पुन्ना येक व्हतील."

"म्हंजे आता बी आपल्याला बघत असंल?"

"ते मला सांगता येणार न्हाय. पण सुखात हायत."



रिकामा खड्डा मी बुजवू दिला नाही. वर काटे टाकून ठेवला. गाव महिनाभर आमच्या घराकडे बघत होतं. आमच्यात कुणी शिंकलंसुद्धा नाही.

पुनरुत्थानाचा सण एप्रिलात आला. त्या दिवशी आम्ही तांबडं फुटताना कबरीवर जाऊन गातो. मालकांच्या शुभवर्तमानाच्या पुस्तकावर बोट ठेवूनच मी उतारवयात अक्षरं शिकले होते. तोवर नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नव्हतं, पण लाकडी क्रुसावर ते मीच रंगानं लिहिलं होतं. तो क्रूस घेऊन मी निघाले, तर भावजी वाटेवर हलगी घेऊन उभे.

"मी काय ख्रिस्ती झालो न्हाय," ते म्हणाले. "ज्ञानाला भेटायला येतोय."

"या की."

माळावर पोचलो. मी मालकांच्या डोक्याशी क्रूस रोवला. भावजी कबरीच्या पायाशी उभे राहून हलगी शेकत होते. त्यांच्या मागे नीरा नदीच्या अंगाला आभाळ लाल होऊन सूर्य वर येत होता. एकदम ते थांबले. मागे वळून उगवतीकडे बघितलं, मग कबरीकडे.

"वैनी, ज्ञाना ह्याच बाजूला तोंड करून उठणार न्हवं?"

"व्हय."

"मग मी त्याच्या आड आलोय."

ते घाईनं बाजूला सरकले. ऊन सरळ क्रुसावर आलं. भावजींनी हलगी काखेत घट्ट धरली आणि वरातीचा ताल सुरू केला.