तरंगत आलेलं घर

ओर्फेलिनाने नवऱ्याची प्रवासाची पिशवी खिडकीबाहेर धरून जोरात झटकली. पावाचे चुरे, गवताच्या काड्या, लोकरीचा एक पुंजका आणि कधीकाळचा वाळलेला शिंपला अंगणात पडला. शेजाऱ्यांची कोंबडी धावत आली, शिंपल्याला एक टोच मारली आणि फसवल्यासारखी मान वळवून चालती झाली. मग ओर्फेलिनाने पिशवीत लोकरी मोजे कोंबले, शाल कोंबली, वर अर्धा पाव ठेवला आणि पट्टा स्वतःच्या खांद्याला लावून पाहिला.

"कुठे निघालीस?" चुलीपाशी बसून नळीने माते, इकडचा कडू पाल्याचा चहा, ओढता ओढता रोसामेलने विचारलं.

"निघतेय उद्या. आज नुसता पट्टा बसतो का बघतेय."

"अगं, पण कुठे?"

"तेच तर ठरवायचंय. तू जन्मभर हिंडलेला माणूस. सांग बघू, बाईमाणसाने एकटीने दोन दिवस जाऊन यायला कुठलं बेट चांगलं?"

मातेचा गरम घोट रोसामेलच्या घशात भलतीकडेच गेला. तो खोकला, डोळे पुसले, पुन्हा खोकला. दुसरा खोकला जरा उगीचच होता. विचार करायला वेळ हवा होता.

आचाओ गावाच्या धक्क्यावरून समोर बघितलं की बेटंच बेटं. सकाळी तिकडच्या होड्या बटाट्याची पोती आणि मेंढ्या घेऊन येतात आणि दुपारी भरती साधून पीठ, मीठ, रॉकेल घेऊन परत जातात. त्यामुळे गावातला माणूस बेटावर गेला की त्याला मुक्काम करावाच लागतो. पुढची होडी सुटेपर्यंत सुटका नाही. या सोयीचा रोसामेलइतका लाभ साऱ्या आचाओत कोणी घेतला नसेल. होड्यांच्या फटी बुजवायचा त्याचा धंदा. काम जरा सैल पडलं की पिशवी खांद्याला आणि गडी एकटाच धक्क्यावर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ओर्फेलिनाही एकदा शाल पांघरून दारात उभी राहिली होती. "तुला लाटा लागतात, होडीत मळमळेल," रोसामेल म्हणाला. तिला लाटा लागतात की नाही हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "मेंढ्यांकडे कोण बघणार?" त्यानंतर तिने विचारलं नाही. पण त्या पहिल्या फेरीहून परतताना रिकाम्या हाताने घरात शिरायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने सांगायला एक गोष्ट आणली. ती पोट धरधरून हसली. तेव्हापासून तो रिकाम्या हाताने कधी परतला नाही.

आता पोरं पुएर्तो मोंतला जाऊन स्थायिक झाली होती आणि गेल्या महिन्यात शेवटच्या मेंढ्याही विकल्या होत्या.

"पुल्केमोला जा," तो म्हणाला. "जवळ आहे. वारा लागत नाही."

"पुल्केमो म्हणजे ते ना, जिथल्या कोंबड्या समुद्रात पोहतात आणि अंडी खारटच निघतात? अंड्याला मीठ मी घरी लावते. त्यासाठी कशाला जाऊ?"

"मग काउकेल."

"तिथे धुकं इतकं दाट की लोक त्याला खिळा ठोकून टोप्या अडकवतात. माझ्याकडे एकच टोपी आहे रे, अडकवली आणि धुकं उठून गेलं तर?"

रोसामेलने जमिनीकडे बघितलं. एकही गोष्ट ती विसरली नव्हती. सांगणारा विसरला होता.

"मला वाफिलेनला जायचंय," ओर्फेलिना म्हणाली. "ते घर बघायला."

त्याच क्षणी उत्तरेचा वारा सुटला असता, होड्या महिनाभर बंद पडल्या असत्या, तर रोसामेलने चर्चमध्ये मोठी मेणबत्ती लावली असती. पण आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

या बाजूला घर हलवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. जागा बदलायची तर माणसं घर मागे ठेवून जात नाहीत. ओंडक्यांवर चढवतात, बैल जुंपतात, सगळा गाव दोरीला हात लावतो आणि घरमालक संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालतो. मध्ये समुद्र आलाच तर घराला पिंपं बांधून होडीमागे ओढतात. रोसामेलची गोष्ट इथवर सगळ्या जगाला मान्य होईल अशीच होती. पुढे मात्र त्याच्या गोष्टीतली म्हातारी क्लोरिंदा घराबाहेर पडायला तयार होईना, म्हणून तिच्यासकट घर पाण्यात लोटलं. घर लाटांवर डुलतंय, धुराड्यातून धूर निघतोय आणि म्हातारी आत बटाट्याचे मिल्काव तळतेय. कढईतल्या चरबीचा एक थेंब सांडला नाही. अर्ध्या खाडीत एक रावसाएवढा मासा खिडकीतून उडी मारून थेट कढईत पडला, तर म्हातारीने त्याला शेपटीला धरून बाहेर भिरकावला: "मिल्काव होईपर्यंत थांबायचं! वास लागतो!" ते घर वाफिलेनच्या किनाऱ्याला लागलं आणि आजही तिथेच उभं आहे. रोसामेलने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रोसामेलने वाफिलेनवर कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

"जुनं झालं असेल गं ते आता," तो म्हणाला. "बघण्यासारखं काय राहिलंय?"

"मीही जुनीच झालेय. जुळेल आमचं."

दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून द्यायच्या निमित्ताने तो तिच्या पुढे धक्क्यावर गेला. वाफिलेनची होडी नोल्बेर्तो चालवायचा. रोसामेलने त्याला पिठाच्या पोत्यांआड ओढलं.

"माझं एक काम कर. तुझी काकू तिकडे एक घर विचारेल. तरंगत आलेलं. सांग, होतं म्हणावं, पण हलवलं. ओढून नेलं दुसरीकडे."

"कुठे नेलं म्हणून सांगू?"

"ते नको सांगू! नाहीतर ती तिकडे जाईल."

नोल्बेर्तोने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "म्हणजे नसलेलं घर हलवायचं. बैल किती लावू, रोसामेलकाका?"

"थट्टा सुचतेय तुला?"

"सांगतो, सांगतो. फुकटात एवढं मोठं घर हलवायची संधी मला पुन्हा कधी मिळणार?"

तेवढ्यात ओर्फेलिना आली. कोणाचा हात न धरता ती होडीत चढली आणि पुढच्या बाजूला, वारा तोंडावर येईल अशी बसली. होडी सुटली. तिला लाटा लागतात का, हे बघत रोसामेल कितीतरी वेळ उभा राहिला. ती एकदा कोणाशी तरी बोलून हसताना दिसली. नंतर होडी लहान झाली.

घरात त्याला काय करावं कळेना. बटाटे उकडले ते फुटले. माते केलं, तर ते पुढे करायला समोर कोणी नव्हतं. आपण बेटावर जायचो तेव्हा ही इथे काय करत बसायची, हा प्रश्न त्याला खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा पडला. मेंढ्या होत्या म्हणा. पण मेंढ्या काही उलट बोलत नाहीत. तो उठला, दाराची कडी नीट करायला घेतली आणि ती आणखीनच बिघडवली.

होडी परत यायच्या दिवशी तो फार लवकर धक्क्यावर पोचला. मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं: "हलवलं? काय सांगतेस! मला कोणी कळवलंसुद्धा नाही!" चेहरा कसा करायचा तेही ठरवून ठेवलं होतं. होडी धक्क्याशी आली. नोल्बेर्तोने दोर फेकता फेकता होकाराची मान डोलावली. रोसामेल त्याच्याजवळ सरकला.

"सांगितलंस?"

"जातानाच सांगितलं. हलवलं म्हटलं, काकू. त्या म्हणाल्या, असू दे, तू होडी बघ."

रोसामेलच्या जिवात जीव आला. ओर्फेलिना होडीतून उतरताना गुडघ्याएवढ्या पाण्यातून आली. होडी बांधून होईपर्यंत वाट बघणं तिला काही जमलं नव्हतं. गाल उन्हाने तांबूस झाले होते. तिने पिशवी त्याच्या हातात दिली, पण वाटेत काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने बूट दाराशी काढले, चुलीपाशी बसली आणि पाय आगीकडे लांब केले. त्याने माते करून तिच्या हातात दिलं.

"मग?" तो म्हणाला. "ते घर..." आणि त्याने ठरवलेला चेहरा तयार ठेवला.

"बघितलं."

चेहरा तसाच राहिला. आता त्याचं काय करायचं हे कळेना.

"बघितलंस?"

"म्हणजे काय! चर्चच्या मागे आहे. तू सांगितलंस त्याहून मोठंच आहे. क्लोरिंदा गेली बिचारी, पण नात आहे तिची. तिने आत बोलावलं. पण एक गोष्ट तू कशी नाही सांगितलीस?"

"कोणती?"

"अरे, त्या घराची समुद्राची सवय अजून गेली नाही. भरती आली की डुलतं. आम्ही जेवत होतो, तर टेबल असं चाललं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती नात म्हणते, काकू, घाबरू नका, ओहोटीला ताट आपोआप तुमच्यापुढे येईल. मी खुर्ची हलवली नाही. बसून राहिले. आलं की रे ताट परत! फक्त त्यातला एक मिल्काव कमी होता. पलीकडे तिचा नवरा बसला होता."

रोसामेल हसला. आधी कसंबसं, मग खरोखरच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खोटं रचणारा माणूस किटलीकडे बघत बोलतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो नेहमी किटलीकडेच बघायचा. ओर्फेलिना मात्र सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती, सबंध वेळ, आणि तिचे डोळे हलले नाहीत.

हसू ओसरलं. तिला काही विचारावं असं त्याला फार वाटलं. पण जे विचारायचं होतं ते विचारायला आधी बरंच काही सांगावं लागलं असतं. त्याने चुलीत एक लाकूड सारलं. ते आधीच पुरेसं आत होतं.

"लाटा लागल्या का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही," ती म्हणाली. मातेचा शेवटचा घोट तिने सुर्र करून ओढला आणि भांडं त्याच्याकडे दिलं. "गुरुवारी काउकेलची होडी आहे म्हणे. चांगलं वाटतंय बेट. जाऊन येते."

भांड्यात पाणी ओतता ओतता रोसामेलचा हात थांबला.

"मीही येऊ?" तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की शब्द चुलीच्या तडतडाटात हरवले असते, तरी त्याने तक्रार केली नसती.

ओर्फेलिनाने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, मेंढीला थोपटावं तशी एकदा त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

"तू आलास तर परत येऊन सांगू कोणाला, म्हाताऱ्या?"

ती उठली आणि आतल्या खोलीत केस सोडायला गेली. रोसामेल गुडघ्यांवर हात टेकून उठला, दाराशी गेला, तिचे बूट उचलले. आत अजून पाणी होतं. ते त्याने अंगणात ओतलं, बुटांत जुनी वर्तमानपत्रं चुरगळून भरली आणि ते चुलीच्या कडेला ठेवले, फार जवळ नाही, फार लांब नाही. गुरुवारपर्यंत वाळायला हवे होते.