मामीचा दिवा आणि अडेल वाचक

आमचे मामा म्हणजे एक घाव दोन तुकडे. नाटकाच्या दिव्यांचा प्रोग्राम त्यांनी लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलाय. त्यातला वाचक, म्हणजे फाइलमधला मजकूर वाचून घेणारा भाग, थेट त्यांच्यावर गेलेला. एक तुकडा वाचता आला नाही की बसलाच फतकल मारून. पुढचं सगळं सरळ असलं तरी वाचणार नाही.

"न कळलेलं कळल्याचं सोंग आणू नये," मामा म्हणायचे.

"सोंग नको, बाजूला ठेवून पुढे चला म्हणावं त्याला," मी म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

जन्मभर पडद्यामागे दुसऱ्यांच्या कपड्यांना टाके घालणारी मामी त्या दिवशी पहिल्यांदा रंगमंचावर येणार होती. तिच्या प्रवेशासाठी मामांनी खास दिवा बसवला आणि सकाळी फाइल स्वतः सेव्ह केली. मला त्यांचा स्वभाव माहीत. मी गुपचूप वाचकाचा कान पिळून ठेवला: वाचता न येणारा तुकडा जसाच्या तसा पुडीत बांध, तसं सांग आणि चालू लाग. मामांना कशाला विचारतेय?

दुसऱ्या घंटेला मामांनी फाइल उघडली. समोर आलं: "बाकी दिवे तयार. एवढंच वाचता आलं नाही, जपून ठेवलंय: #<दिवा मामी>. काम तुमचंच आहे."

दिवा किती, कसा चढवायचा हे लिहायचं सोडून मामांनी नुसती त्याच्या नावाची पाटी सेव्ह केली होती. जुना वाचक असता तर अख्खं नाटक अंधारात गेलं असतं.

"हा आगाऊपणा कुणाचा?"

"वाचकाचा," मी म्हणाले. "घरचंच वळण."

तिसरी घंटा झाली. दुरुस्तीला वेळ नव्हता. मामा दिवा हाताने चढवायच्या कळीपाशी जाऊन बसले.

मामी आली आणि क्षणभर अंधारात उभी राहिली. मग मामांच्या हाताने तो उजेड हळूहळू तिच्या चेहऱ्यावर चढला. मला रडूच आलं.

"माझा दिवा सगळ्यांत छान आला," रंग पुसताना मामी म्हणाली. "कसा केलात हो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तेवढंच प्रोग्रामला वाचता आलं नाही."

"मग ते दुरुस्त करू नका."

अजून केलेलं नाही. प्रत्येक प्रयोगाला वाचक ती पुडी जपून ठेवतो, आणि मामा उठून कळीपाशी जातात.